निकाल ठरलेला, आरडाओरडा खरा

१३ डिसेंबर २०२५ ला वॉशिंग्टनमध्ये टीव्हीवरच्या अमेरिकन कुस्तीतला बडा पहिलवान जॉन सीना शेवटचा लढला. समोर गुंथर हा ऑस्ट्रियाचा पहिलवान. त्याने सीनाचा गळा आवळून धरला, आणि 'हार मानू नका' हे वाक्य वर्षानुवर्षं टी-शर्टवर मिरवणाऱ्या सीनाने हाताने थापटून हार मानली. सभागृहात एकच हुर्यो उडाली. गंमत म्हणजे लोक सीनावर चिडले नव्हते, गुंथरवरही फारसे नाहीत. ते चिडले होते ट्रिपल एचवर. हा स्वतः जुना पहिलवान. आता कुणी जिंकायचं आणि कसं, हे त्याच्या हाताखाली ठरतं. तो बाहेर आला तेव्हा त्याच्या नावाने जो शंखध्वनी झाला, तो टीव्हीवरही लपवता आला नाही.

एप्रिल २०२५ पासून ही कुस्ती भरवणाऱ्या डब्ल्यूडब्ल्यूई या अमेरिकन कंपनीचे कार्यक्रम भारतात नेटफ्लिक्सवर दिसायला लागले, त्यामुळे हा राग आपल्याकडच्या घराघरांतही पोचला. अशा घरात कुस्तीशी काही देणंघेणं नसलेलं एक तरी माणूस असतंच, आणि ते हमखास विचारतं, "निकाल आधी ठरलेला असतो हे तुला ठाऊक आहे ना? मग चिडतोस कुणावर?"

प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर शोधायचं तर १९९६ ते १९९९ या काळात जावं लागतं. तेव्हा ही कंपनी डब्ल्यूडब्ल्यूएफ होती. वर्ल्ड वाइल्डलाइफ फंडाने कोर्टात खेचल्यावर २००२ मध्ये तिने शेवटचं अक्षर बदललं. आमच्या पिढीने हे पहिलवान आधी ट्रम्प कार्डांवर पाहिले आणि मग केबलवर. उंची, वजन, छाती, बायसेप्स, रँक. आकडे पाठ होते. अंडरटेकर नावाचा पहिलवान सात वेळा मेला आणि सात वेळा जिवंत झाला, ही माहितीही आम्हाला कुठूनशी होती आणि तिच्यावर शंका घेणारा मुलगा वर्गात एकटा पडायचा.

ठरलेलं काय असतं?

कोण जिंकणार हे ठरलेलं असतं. शेवट कसा होणार, म्हणजे कोणत्या डावाने, कुणाच्या लबाडीने, हेही ठरलेलं असतं. साधारण किती मिनिटं लढायचं हे ठरलेलं असतं. मधला बराचसा भाग मात्र, निदान त्या काळात, दोघे पहिलवान रिंगमध्येच जुळवत. कानाशी तोंड नेऊन पुढचा डाव सांगायचा, दुसऱ्याने हाताला हलका दाब देऊन होकार द्यायचा. पंच फक्त तीन आकडे मोजायला नसतो, तो दोघांमध्ये निरोप पोचवतो, वेळ किती उरली ते सांगतो. कुणाला खरोखर लागलं तर हात डोक्यावर नेऊन फुली करतो, म्हणजे आतल्यांना कळतं की डॉक्टर पाठवा.

कोकणात किंवा गोव्यात दशावतार पाहिलेल्याला हे लगेच उमगेल. आख्यान ठरलेलं असतं, राक्षस मरणार हे पहिल्या रांगेतल्या पोरालाही माहीत असतं, पण संवादांची वही नसते. राक्षसपार्टी करणारा नट समोरच्या गर्दीचा अंदाज घेतो. गर्दी रंगली तर बोलणं वाढवतो, पेंगायला लागली तर थेट तलवार काढतो. पहाटेपर्यंत खेळ टिकतो तो या अंदाजावर. अमेरिकन कुस्तीत तलवारीच्या जागी लोखंडी खुर्ची असते, बाकी कसब तेच.

तिथे भल्या बाजूच्या पहिलवानाला 'फेस' म्हणतात आणि दुष्टाला 'हील'. हे दोन शब्द पुढे लागतील.

म्हणजे लागत नाही का?

लागतं. रिंगची जमीन म्हणजे लोखंडी तुळया, त्यावर लाकडी फळ्या, त्यावर फोमचा पातळ थर आणि वरून ताणलेलं कॅनव्हास. फळ्या थोड्या लवचिक असतात म्हणून हाड वाचतं, आणि खाली पोकळी असते म्हणून आवाज मोठा होतो. पडण्याची विद्या शिकावी लागते: हनुवटी छातीला टेकवायची म्हणजे डोकं आपटत नाही, पाठ सपाट टाकायची म्हणजे मार एका जागी बसत नाही, श्वास सोडायचा, दोन्ही हात जमिनीवर चापटायचे. त्या काळी पहिलवान हे वर्षाला शेकडो रात्री करत. चाळिशीत त्यांचे गुडघे आणि मान पाहिली की 'खोटं' हा शब्द जिभेवर येत नाही.

रक्तही बहुतेक वेळा खरंच असायचं. मनगटाच्या पट्टीत पात्याचा बारीक तुकडा लपवायचा, आडोशाला कपाळावर एक छेद द्यायचा. घाम आणि धावपळीमुळे कपाळाचं रक्त चेहराभर पसरतं. लहानपणी आम्हाला तो टोमॅटो सॉस वाटायचा. सॉस असता तर बरं झालं असतं.

लोकांना हे माहीत नव्हतं का?

पूर्वी माहीत असलं तरी बोललं जात नसे. 'हे सगळं खरं आहे' हा आव सतत टिकवायचा, फेस आणि हील यांनी बाहेर एका टेबलावर जेवायलाही बसायचं नाही, या धंद्यातल्या शिस्तीला 'केफेब' म्हणतात. १९८९ मध्ये न्यू जर्सी राज्यात डब्ल्यूडब्ल्यूएफनेच अधिकृतपणे सांगितलं की, आमचा कार्यक्रम हा खेळ नाही, मनोरंजन आहे. कारण तात्त्विक वगैरे नव्हतं. खेळ म्हटलं की सरकारी क्रीडा आयोगाचे नियम आणि कर आले, मनोरंजन म्हटलं की ते टळत होते.

तरीही आव चालू राहिला. त्याला पहिला जाहीर तडा गेला १९ मे १९९६ रोजी, न्यू यॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये. केविन नॅश आणि स्कॉट हॉल कंपनी सोडून चालले होते. शेवटच्या लढतीनंतर शॉन मायकल्स आणि ट्रिपल एच यांच्यासह चौघांनी रिंगमध्ये एकमेकांना मिठ्या मारल्या. त्यातले दोघे फेस होते, दोघे हील. वैऱ्यांनी भर मंचावर गळ्यात गळे घातले आणि प्रेक्षकांनी काय केलं? टाळ्या वाजवल्या. म्हणजे त्यांना सगळं ठाऊक होतं. कंपनीला मात्र हे झोंबलं आणि शिक्षा झाली ती मागे उरलेल्या तरुण ट्रिपल एचला. त्या वर्षी त्याला मिळणारी 'किंग ऑफ द रिंग' स्पर्धा काढून स्टीव्ह ऑस्टिन नावाच्या टकल्या टेक्सनला दिली गेली. या एका शिक्षेने पुढची पाच वर्षं बदलली.

भारतात परिस्थिती वेगळी होती, हे मान्य करू. आपल्याकडे कार्यक्रम उशिरा यायचे, आतल्या बातम्या देणारी पत्रकं नव्हती. १९९६ च्या 'खिलाडियों का खिलाडी' मध्ये अक्षय कुमारने अंडरटेकरला उचलून आपटलं, त्यावर शाळेत आठवडे गेले. तो अंडरटेकर नव्हताच. ब्रायन ली नावाचा दुसरा पहिलवान होता. आणि या ब्रायन लीलाच खुद्द डब्ल्यूडब्ल्यूएफने १९९४ मध्ये 'नकली अंडरटेकर' म्हणून असली अंडरटेकरसमोर उभं केलं होतं. नकलीची नकल आपल्याकडे असली म्हणून खपली.

मग कथा कोण लिहीत होतं?

इथे खरा मुद्दा येतो. तेव्हा अमेरिकेत दर सोमवारी रात्री दोन कंपन्या समोरासमोर असत. विन्स मॅकमॅहनच्या डब्ल्यूडब्ल्यूएफचा 'रॉ' आणि केबलसम्राट टेड टर्नरच्या डब्ल्यूसीडब्ल्यूचा 'नायट्रो', जो सप्टेंबर १९९५ मध्ये सुरू झाला. रिमोट हातात असलेला माणूस एका क्षणात इकडून तिकडे जाऊ शकत होता. जून १९९६ पासून सलग ८३ आठवडे नायट्रोने रॉला मागे टाकलं. अशा लढाईत प्रेक्षकाला काय आवडावं हे त्याच्यावर लादणं परवडत नाही. त्याला काय आवडतंय ते ऐकावं लागतं, आणि ऐकायचं साधन म्हणजे सभागृहातला आवाज.

तीन उदाहरणं पाहू.

हल्क होगन. ऐंशीच्या दशकातला सर्वांत मोठा फेस, पोरांना व्हिटॅमिन घ्या, प्रार्थना करा असं सांगणारा. १९९५-९६ पर्यंत लोक त्याला कंटाळले होते, त्याच्यावर हुर्यो होऊ लागली होती. ७ जुलै १९९६ रोजी फ्लोरिडातल्या डेटोना बीचला, डब्ल्यूसीडब्ल्यूच्या कार्यक्रमात, तो मदतीला येतोय असं भासवून रिंगमध्ये शिरला आणि त्याने आपल्याच बाजूच्या माणसावर झेप घातली. त्यानंतर रिंगमध्ये कप, बाटल्या, कागद, मिळेल तो कचरा पडू लागला. होगन त्या कचऱ्यात उभा राहून माइकवर प्रेक्षकांनाच सुनावत होता. एक प्रेक्षक तर रिंगमध्ये चढला. ते फुटेज आजही पाहा: कचरा फेकणाऱ्यांच्या चेहऱ्यावर राग आहे तसा आनंदही आहे. ज्या माणसाचा वीट आलाय हे तोंडाने म्हणता येत नव्हतं, त्याला झोडपायची अखेर परवानगी मिळाली होती.

ऑस्टिन. किंग ऑफ द रिंग जिंकल्यावर, २३ जून १९९६ ला, त्याने बायबलची वचनं सांगणाऱ्या जेक रॉबर्ट्सची टर उडवत 'ऑस्टिन ३:१६' असं स्वतःचंच वचन जाहीर केलं. तो हील होता. लोकांनी चिडणं अपेक्षित होतं. लोकांनी पुठ्ठ्यांवर ३:१६ लिहून आणलं. कंपनीने आठ-नऊ महिने ते पाहिलं आणि २३ मार्च १९९७ च्या रेसलमेनियात, म्हणजे तिच्या वर्षातल्या सर्वांत मोठ्या कार्यक्रमात, शरण आली. त्या रात्री फेस म्हणून आलेला ब्रेट हार्ट हील होऊन गेला आणि हील ऑस्टिन फेस होऊन, एकाच लढतीत. ब्रेटने त्याला शार्पशूटर या पेचात धरलंय, कपाळाचं रक्त दातांवर उतरलंय, ऑस्टिन हात वर करून किंचाळतोय पण थापटत नाही, आणि तसाच बेशुद्ध पडतो. हरला तो, पण बाहेर पडताना त्याच्या नावाचा घोष होता. माझ्या मते टीव्हीवरच्या कुस्तीत याहून चोख काम झालेलं नाही.

तिसरा, द रॉक. नोव्हेंबर १९९६ मध्ये तो आला 'रॉकी मायविया' म्हणून. वडील आणि आजोबा दोघे पहिलवान, चेहऱ्यावर कायमचं हसू, अंगावर झिरमिळ्या. कंपनीने ठरवलं होतं की हा लाडका होणार. प्रेक्षकांनी काही महिन्यांतच 'मर रॉकी मर' अशा घोषणा सुरू केल्या. शेवटी १९९७ मध्ये त्याला हील करून टाकलं, आणि लोकांवर मनापासून खवळण्याची मुभा मिळाल्यावर तो असा काही खुलला की लोकांनीच त्याला पुन्हा डोक्यावर घेतलं. रॉकला, म्हणजे ड्वेन जॉन्सनला, हॉलिवूडचा रस्ता दाखवण्यात त्या शिव्या देणाऱ्यांचा वाटा आहे, मानधन मात्र त्यांना मिळालेलं नाही.

तिन्हीकडे निकाल लेखकांनी लिहिले, पण पुढचं पान गर्दीने लिहायला लावलं.

'ठरलेलं' मोडलं तर?

९ नोव्हेंबर १९९७, मॉन्ट्रियल. वर्षभरापूर्वी वीस वर्षांचा करार केलेल्या ब्रेट हार्टला मॅकमॅहनने सांगितलं होतं की हा पैसा परवडत नाही, तू डब्ल्यूसीडब्ल्यूशी बोल. ब्रेट तयार झाला. पण चॅम्पियनशिपचा पट्टा त्याच्याकडे होता. शॉन मायकल्सशी त्याचं खरं वैर होतं, आणि स्वतःच्या देशात, कॅनडात, त्याच्याकडून हरायला तो तयार नव्हता. करारानुसार शेवटच्या दिवसांत कथेवर त्याचा अधिकारही होता. मॅकमॅहनला भीती होती की हा पट्टा घेऊनच नायट्रोवर उभा राहील. भीती अगदीच हवेतली नव्हती: डिसेंबर १९९५ मध्ये मडुसा या महिला पहिलवानाने डब्ल्यूडब्ल्यूएफचा महिला चॅम्पियनशिपचा पट्टा नायट्रोवर, कॅमेऱ्यासमोर, कचऱ्याच्या डब्यात टाकला होता.

ब्रेटला सांगितलं गेलं की लढत गोंधळात संपेल, तू हरणार नाहीस. प्रत्यक्षात मायकल्सने त्याला त्याच्याच शार्पशूटरमध्ये धरलं, पंच अर्ल हेबनरने खूण केली, रिंगशेजारी उभ्या असलेल्या मॅकमॅहनने घंटा वाजवायला लावली. ब्रेटने हार मानलीच नव्हती. त्याला कळायला दोन-तीन सेकंद लागले. मग तो मॅकमॅहनच्या तोंडावर थुंकला, हवेत बोटाने डब्ल्यूसीडब्ल्यू अशी अक्षरं काढली, आणि नंतर आत खोलीत मालकाला ठोसा लगावला. धंद्याच्या भाषेत अशा खऱ्याखुऱ्या प्रसंगाला 'शूट' म्हणतात.

आता प्रेक्षकाच्या बाजूने पाहा. ठरलेला निकाल पाहायला त्यांनी तिकीट काढलं होतं, आणि ठरलेला निकाल मोडला म्हणून ते संतापले. वरवर हे हास्यास्पद आहे. पण ते काय विकत घेत होते? दोन माणसं एकमेकांच्या भरवशावर अंग टाकतात, एकाची मान दुसऱ्याच्या हातात असते आणि तो ती मोडत नाही, हा विश्वास. निकालाचा खोटेपणा त्यांना चालत होता, कारण त्याच्या तळाशी हा खरेपणा होता. मॉन्ट्रियलला मालकाने नेमका त्यालाच हात घातला. सीनाच्या शेवटच्या लढतीनंतर ट्रिपल एचला पडलेल्या शिव्यांची जातकुळी तीच. लढत खोटी पडली असं कुणी म्हणत नव्हतं. 'ज्याच्यावर आम्ही वीस वर्षं जीव लावला त्याला तू असा पाठवतोस?' ही ती तक्रार होती.

आणि मालकाने त्या रागाचं काय केलं?

विकला! मॅकमॅहन तोवर टीव्हीवर फक्त समालोचक म्हणून दिसायचा. मॉन्ट्रियलनंतर लोक त्याचा मनापासून द्वेष करू लागले, तर त्याने तोच द्वेष अंगरख्यासारखा चढवला आणि 'मिस्टर मॅकमॅहन' हा दुष्ट साहेब उभा केला. डिसेंबर १९९७ मध्ये त्याने कॅमेऱ्यात बघून सांगितलं की प्रेक्षकांच्या बुद्धीचा अपमान आता पुरे झाला. मग समोर ऑस्टिनला सोडलं. साहेब सूट घालून नियम सांगतो, कामगार बियरचा डबा फोडून साहेबाला आडवा करतो. मार्च १९९९ मध्ये तर ऑस्टिनने बियरचा ट्रकच सभागृहात आणला आणि नळीने मॅकमॅहन, त्याचा मुलगा शेन आणि रॉक तिघांना न्हाऊ घातलं. मॅकमॅहन कॅनव्हासवर बियरमध्ये पोहण्याचे हातवारे करतोय आणि सभागृहभर लोक बेभान झालेत. साहेब कुणाला नसतो? १३ एप्रिल १९९८ ला, ऑस्टिन आणि मॅकमॅहन प्रत्यक्ष लढणार अशी हवा केलेल्या रात्री, रॉने नायट्रोची मालिका तोडली.

(खरा मॅकमॅहन २०२४ मध्ये कंपनीतून बाहेर पडला, एका माजी कर्मचारी महिलेने लैंगिक शोषणाचा दावा दाखल केल्यावर. आरोप त्याला मान्य नाहीत. पण ती जुनी 'दुष्ट साहेबा'ची दृश्यं पाहताना आता हसू पूर्वीसारखं येत नाही.)

पण गर्दीला हवं तसं नाचवता येतंच की

प्रयत्न तर झालाच. डब्ल्यूसीडब्ल्यूचा गोल्डबर्ग एकामागून एक लढती जिंकत गेला, तेव्हा कंपनीने त्याच्या विजयांचा आकडा मनानेच फुगवायला सुरुवात केली. आठवड्याला एखादी लढत दाखवायची आणि आकडा मात्र उड्या मारत पुढे. मोजणारे प्रेक्षक होते. त्यांच्या लक्षात आलं. ठरलेले विजय त्यांना मान्य होते, पण बेरीज चुकवलेली मान्य नव्हती! 'गोल्डबर्ग, गोल्डबर्ग' हा घोष काही ठिकाणी ध्वनिमुद्रित करून सोडला जायचा, हेही पुढे उघड झालं.

सर्वांत महागडा धडा मिळाला ४ जानेवारी १९९९ ला. त्या रात्रीचा रॉ आधीच चित्रित झालेला होता आणि त्यात मॅनकाइंड, म्हणजे मिक फोली, रॉकला हरवून पहिल्यांदा चॅम्पियन होणार होता. नायट्रो थेट चालू होता. वरून आलेल्या आदेशाप्रमाणे समालोचक टोनी शियावोनीने तो निकाल जाहीर करून टाकला आणि कुत्सितपणे म्हणाला की, याने तर खुर्च्या भरतीलच. प्रतिस्पर्ध्याचा निकाल फोडला की कुणी तिकडे जाणार नाही, असा हिशेब होता. झालं उलटं. काही लाख प्रेक्षकांनी त्याच क्षणी चॅनल बदललं. शेवट ऐकूनच ते तो पाहायला गेले, कारण तो मिक फोलीचा होता: अंगाने बेढब, एक कान गमावलेला, कुणाच्याही कल्पनेतल्या चॅम्पियनसारखा न दिसणारा. त्याच रात्री नायट्रोच्या मुख्य लढतीत होगनने केविन नॅशच्या छातीला एक बोट टेकवलं आणि नॅश आडवा पडला, चॅम्पियन बदलला. जॉर्जिया डोममध्ये पैसे मोजून आलेल्यांना हे बघावं लागलं. मार्च २००१ मध्ये डब्ल्यूसीडब्ल्यू संपली, मॅकमॅहननेच ती विकत घेतली.

हा आपल्या कुस्तीचा अपमान नाही का?

हा आक्षेप कोल्हापूर-सांगलीकडे हमखास येतो. खासबागेत निकाली कुस्ती लावायची म्हणजे माती, घाम आणि पुढचं काय होईल हे वस्तादालाही ठाऊक नसणं. तिथे कुणी आतून ठरवून लढलं तर ती नुरा कुस्ती, आणि तिथे लोकांचा राग योग्यच, कारण त्यांना निकालीचा शब्द दिलेला असतो. इथे तसा शब्द कुणी देत नाही. दोन्हीला 'कुस्ती' म्हणतो म्हणून घोळ होतो, एवढंच. आणि आपल्याकडेही दारासिंग-किंगकाँगच्या फ्रीस्टाइल लढतींना मुंबईत तुडुंब गर्दी व्हायची; त्यात किती खरं आणि किती ठरलेलं यावर जुनी माणसं आजही तावातावाने भांडतात.

या आरडाओरड्याची किंमत कुणी दिली?

हा आक्षेप मला सगळ्यांत जड वाटतो, आणि त्याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही.

२८ जून १९९८, पिट्सबर्ग. अंडरटेकरने मिक फोलीला १६ फूट उंच पिंजऱ्याच्या छतावरून खाली समालोचकांच्या टेबलावर फेकलं. हे ठरलेलं होतं. फोली स्ट्रेचरवरून उठला आणि पुन्हा वर चढला. मग छताची जाळी तुटली आणि तो आत रिंगमध्ये कोसळला. पाठोपाठ खुर्ची त्याच्या तोंडावर पडली. हे ठरलेलं नव्हतं. त्याचा एक दात तुटून नाकात अडकला. तशाही अवस्थेत तो हसताना दिसतो आणि गर्दी आनंदाने वेडी झालेली असते, कारण कुठलं पडणं ठरलेलं आणि कुठलं नाही, हे ओळखायचा त्यांच्याकडे मार्गच नव्हता.

जानेवारी १९९९ मध्ये फोली आणि रॉक यांची 'आय क्विट' लढत झाली. फोलीचे हात पाठीमागे बेड्यांनी बांधलेले आणि रॉक खुर्चीने थेट डोक्यात मारतोय, ठरल्यापेक्षा कितीतरी जास्त वेळा. 'बियॉन्ड द मॅट' या माहितीपटात कॅमेरा फोलीच्या बायकोवर आणि दोन लहान मुलांवर आहे. पहिल्या रांगेत बसलेली ती पोरं किंचाळून रडताहेत. बाबा आणि रॉक मित्र आहेत हे त्यांना आधी सांगितलेलं होतं. सांगून काय झालं?

आणि २३ मे १९९९. ब्रेटचा धाकटा भाऊ ओवेन हार्ट कॅन्सस सिटीत छतावरून दोरीने रिंगमध्ये उतरणार होता. पट्ट्याची कडी सुटली आणि तो सुमारे ७८ फुटांवरून पडला. घरी बसलेल्यांना त्या क्षणी चित्रफीत दाखवली जात होती, म्हणून ते पडणं दिसलं नाही. समालोचक जिम रॉसला पुन्हा पुन्हा सांगावं लागलं की हा कार्यक्रमाचा भाग नाही. सांगावं लागलं, कारण वर्षभर प्रत्येक बनावट अपघाताला तोच गंभीर आवाज लावला गेला होता. ओवेन गेला. कार्यक्रम मात्र त्याच रिंगमध्ये पुढे चालू राहिला. कंपनीने नंतर कुटुंबाला १ कोटी ८० लाख डॉलर देऊन दावा मिटवला.

खुर्चीने डोक्यात मारण्यावर बंदी आली ती २०१० मध्ये. पहिलवान तेव्हाही कंपनीचे नोकर नव्हते आणि आजही नाहीत. कागदोपत्री ते स्वतंत्र कंत्राटदार असतात. हाडं त्यांची, औषधपाण्याचा विमाही त्यांनीच पाहायचा.

बायकांना त्या काळात जसं दाखवलं, एकमेकींचे कपडे फाडण्याच्या 'लढती', त्यावर गर्दी जे ओरडायची, ते आज पाहवत नाही. तेव्हा आम्ही घरचं कुणी खोलीत आलं की चॅनल बदलायचो, म्हणजे तेव्हाही काहीतरी कळत होतंच.

आता बघायचं ठरवलंत तर

सुरुवात १९९७ च्या ब्रेट-ऑस्टिनपासून करा. पहिल्यांदा पहिलवान पाहा आणि दुसऱ्यांदा फक्त मागच्या खुर्च्या: पहिल्या पाच मिनिटांत ब्रेटला टाळ्या देणारे हात शेवटी कुणासाठी वर जातात, ते दिसेल. मग मॉन्ट्रियल, पण घंटेच्या आधीची दोन मिनिटं सोडू नका. होगनचा डेटोना बीचचा कचराही पाहाच. तो माणूस जुलै २०२५ मध्ये गेला, आणि त्याच वर्षी ६ जानेवारीला लॉस एंजेलिसजवळ नेटफ्लिक्सवरच्या पहिल्या रॉमध्ये लाडका म्हणून बाहेर आला तेव्हा त्याला हुर्यो मिळाली होती. २०१५ मध्ये उघड झालेल्या त्याच्या वर्णद्वेषी बोलण्याचा लोकांना विसर पडला नव्हता. बियरचा ट्रक घरच्यांसोबत बघायला हरकत नाही. 'आय क्विट' मात्र मुलं झोपल्यावर लावा.